डावा पाय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक मेंढी कातरणं. सोजरनं मेंढी आडवी पाडली, पाय धरले, मानेवर हलका गुडघा ठेवला. मी कातर चालवली. सोजर माझी बायको. चाळीसच्या वर वर्षं तिनं धरायचं आणि मी कातरायचं, त्यामुळं बोलावं लागत नव्हतं. मेंढी कधी वळवायची ते तिला कातरीच्या आवाजावरनं कळायचं. त्या दिवशी एवढंच म्हणाली,

"अवो, पोटाखाली हळू. मागल्या बारीला चिरली हुती तुमी."

"हात म्हातारा झालाय माजा."

"हात न्हाई. फोटो काढाय लागली पोरं की तुमचं ध्यान तिकडं."

खरं होतं. पोरं फोटो काढत होती आणि मी मान ताठ करून कातरत होतो.

त्यानंतर सोजर दीड महिना जगली. पण त्या दिवशी दुपारी जे झालं, त्याच्यामागं आमच्यात साधं असं काही राहिलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. ही वही त्या पोरांचीच, आमच्या घरी विसरलेली. त्यांनी पुढची चार-पाच पानं भरली होती. मी मागच्या बाजूनं लिहितोय.

मांजरसुंब्याच्या फाट्यावरनं आत आमचं गाव. गावाबाहेर आम्हा धनगरांची वस्ती. खेड्यांत काम करणारे साहेब तयार करायचं एक शिबिर दरवर्षी आमच्या गावात येतं. शहरातली शिकलेली पोरं-पोरी. त्यांचे सर सांगायचे, "गावात राहा, गावासारखं जगा, गाव तुम्हाला शिकवेल." सरांचं बोलणं मला आवडायचं. खोटं कशाला सांगू. मला बाबा म्हणायचे, खुर्ची द्यायचे. गावात मला खुर्ची दुसरं कोण देतं?

आमच्या घरी ईशा नावाची पोरगी राहिली. पाच दिवस. चांगली होती. चुलीच्या धुरात खोकायची, तरी बसायची. सोजर उठली की उठायची, वहीत लिहायची. मोठ्या कागदावर घड्याळासारखा गोल काढला आणि सोजरचा दिवस त्यात भरला. उठणं, झाडणं, पाणी, भाकरी, मेंढरं, सरपण, परत भाकरी. माझाही गोल काढला. माझ्या गोलात बसणं लई होतं. सोजर बघून हसली. म्हणाली, "हे बरं केलं बाई तू. आता कागदावर आलं."

दुसऱ्या दिवशी ईशा मेंढरांमागं आली आणि तिच्या पायाला फोड आले. सोजरनं कोमट तेल लावलं, स्वतःच्या मांडीवर तिचे पाय घेऊन. म्हणाली, "दोन दीस बस. चालू नको. पायावर जोर आला की जन्माचं दुखणं हुतं." ईशानं ते पण लिहून घेतलं. या वहीत आहे. 'आजींनी पायाला तेल लावलं.' त्याच्या खाली आहे, 'आजी डाव्या पायाने अधू. वय अंदाजे ६५.'

अधू. बस्स. कावून अधू, ते नाही. मेंढरं किती, हंडे किती, भाकरी किती, सगळं विचारलं. हे नाही विचारलं.

शेवटच्या दिवशी, मेंढी कातरून झाल्यावर, ईशा म्हणाली, "आजी, आज आमचा कार्यक्रम आहे. तुमचं एखादं जुनं लुगडं द्या ना." सोजरनं जुनं दिलं नाही. पेटीतलं हिरवं काढलं, लेकीच्या लग्नातलं. म्हणाली, "जुनं कशाला नेसतीस पोरी, चारचौघांत."

स्वतःच्या हातानं नेसवलं तिला.

दुपारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. पोरांनी आधी नकाशे दाखवले, मग ते गोल दाखवले. मग नाटक. एक पोरगा हाता-पायावर उभा राहून मेंढरू झाला आणि बँ बँ करायला लागला. त्याच्यामागनं ईशा आली. हिरवं लुगडं, हातात काठी, कमरेवर हात. "हुर्र, हुर्र" करत. आणि लंगडत.

एक पाऊल टाकायची, कुल्ला वर उडवायची, मग दुसरं ओढायची. परत. परत.

पटांगण फुटलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शाळेतली पोरं उठून उभी राहिली. सरपंचीणबाईंचे मालक, गाव ज्यांना आबा म्हणतं, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "सोजरीला मागं टाकलं की पोरीनं!" सर हसत माझ्याकडं वळले. "बाबा, हुबेहूब ना?"

मी म्हणालो, "हुबेहूब."

आणि हसलो. आधी सरांसाठी हसलो. मग खरोखर हसू आलं. डोळ्यातनं पाणी येईस्तोवर हसलो मी.

मग माझी नजर बायांकडं गेली. सोजर पुढंच बसली होती, पाय लांब करून, कारण तिचा तो पाय दुमडत नव्हता. तिच्या तोंडावर काही नव्हतं. ती दोन्ही हातांनी तो पाय धरून लुगड्याखाली आत ओढत होती. न दुमडणारा पाय दुमडत होती.

घरी येताना मी पुढं, ती मागं. वस्तीच्या वाटेवर मी एकदा वळून बघितलं. ती सरळ चालायला बघत होती. ओठ दाबून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत. मी बघतोय हे दिसल्यावर आणखी सरळ झाली. तोंडावर घाम होता.

दारात आल्यावर विचारलं तिनं.

"तुमी कावून हसलात?"

"समदेच हसले की."

"समद्यांला ठावं न्हाई. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. ते आता लिहितो.

आम्ही तरणे होतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचो, पाली गावावरनं पुढं गोदाकाठाला. तिथल्या रानांत मेंढरं बसवायची, रानाला खत, आम्हाला दाणा. घाट संपला की एक दगडी नाला लागतो. सोजरच्या खांद्यावर त्याच सकाळी जन्मलेलं कोकरू होतं. शेवाळावरनं पाय गेला. ती पडली ती कोकरू वर धरून पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळली फांदी मोडावी तसा. तिनं आधी कोकरू माझ्या हातात दिलं. मग म्हणाली,

"आजच्या दीस थांबू."

मी म्हणालो, "जनावरं थांबत न्हाईत. चल."

पुढं रान ठरलेलं होतं. आम्ही उशिरा पोचलो तर दुसऱ्याचा कळप बसला असता. दोन कामट्या लावल्या, चिंध्यांनी पाय आवळला. ती चालली. एक दिवस नाही, अकरा दिवस. काठीवर भार देऊन, रडत नाही, ओरडत नाही. मी पुढं, ती मागं. हाड जसं चाललं तसं जुळलं. वाकडं.

तिनं हे कधीच उकरून काढलं नाही. भांडणात पण नाही. चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढं ती लंगडत चालली, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं. म्हणून तर हसू आलं.

कार्यक्रमानंतर कुणी समोरनं आलं की ती सरळ चालायची. विहिरीवर, दुकानात. घरात आली की भिंतीला धरून उभी राहायची.  ईशानं लुगडं धुऊन, घडी करून परत दिलं होतं. ते तिनं पेटीत ठेवलं, वर दुसरे कपडे टाकले.

मग तिच्या छातीत दुखलं. बीडला नेलं. दोन दिवसांत गेली. धर्मापुरीला दिलेली लेक आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती हसण्यानं मेली असं मी म्हणत नाही. म्हातारी होती, छाती थकली होती. पण तिचा सवाल तसाच राहिला. मी उत्तर दिलं नाही आणि ती गेली. तिरडीवर बांधताना भावकीतला एक जण म्हणाला, "पाय सरळ करा की." मी म्हणालो, "राहू द्या. तो तसाच ऱ्हातो." तेवढंच बोललो. उशिरा.

यंदा परत शिबिर आलं. सर घरी आले, खाली बसले, हात जोडले. चांगलं वाटलं. मग फोन काढून म्हणाले, "बाबा, आजी गेल्या नाहीत. आम्ही प्रत्येक नव्या बॅचला आजी दाखवतो. गावाशी एकरूप कसं व्हायचं ते यातून शिकवतो." फोनात ईशा लंगडत होती. मागनं हसण्याचा आवाज. त्या आवाजात एक आवाज माझा होता. मी ओळखला.

सर म्हणाले, "उद्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला या. तुमचा सत्कार आहे. आणि यंदा दोघी जणी तुमच्याकडे राहतील, चालेल ना?"

मी "चालंल" म्हणालो. खुर्चीची सवय.

दुसऱ्या दिवशी तेच पटांगण. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या. मग एक नवी पोरगी पुढं आली. लुगडं नेसलेली, हातात काठी. हिनं सोजरला बघितलं पण नव्हतं. फोनात बघून शिकली होती. "हुर्र, हुर्र" केलं आणि लंगडायला लागली.

उजव्या पायानं.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पोरी, उजवा नव्हं. डावा."

लोक हसले. सर तर खूश झाले. "वा! बाबा, या ना पुढं. तुम्हीच दाखवा आजी कशा चालायच्या."

मी उठलो. पुढं गेलो. सगळे हसायला तयार बसले होते. आबांचा हात मांडीवर थाप मारायला वर झाला होता. पोरीनं काठी माझ्याकडं केली. मी घेतली नाही. शाल काढली, खुर्चीवर ठेवली. नारळ शालीवर ठेवला.

"न्हाई दाखवत," मी म्हणालो. "सांगतो. तिचा पाय कावून मोडला ते सांगतो."

आबा ओरडले, "ए म्हाताऱ्या, खाली बस बे! पाव्हण्यांपुढं गावाची इज्जत घालवतो का?"

जन्मभर मी आबांच्या आवाजाला खाली बसलोय. त्यांच्या बापाच्या आवाजालाही. गुडघे आपोआप वाकायला लागले. वाकू दिले नाहीत.

"आबा, आज बसत न्हाई," मी म्हणालो.

आणि सांगितलं. नाला, कोकरू, अकरा दिवस. 'जनावरं थांबत न्हाईत' हे कोण म्हणालं तेही सांगितलं. मागल्या वर्षी मी हसलो हेही सांगितलं. तिनं दारात काय विचारलं तेही. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतला एक पोरगा मान खाली घालून भराभरा लिहीत होता.

"लिहू नको," मी म्हणालो. "पेन ठिव. माज्याकडं बघ."

त्यानं बघितलं.

सर उठले. "बाबा, मुलांचा हेतू वाईट नव्हता. प्रेमानंच केलं त्यांनी."

"आसंल. तुमी तिच्या भाकरी मोजल्या. हंडे मोजले. पाय कावून मोडला, एकानं इचारलं न्हाई. आन् त्याच पायावर गाव हसवलं."

"चुकलं आमचं. आपण बसून बोलू."

"ते फोनातलं पुसा. आत्ता."

सर म्हणाले, ते अहवालात गेलंय, वर कळवावं लागेल, बघू. बघू म्हणजे काय, ते मला या वयात कुणी शिकवायला नको. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप वस्तीवर आली. सर आणि दोन पोरी, पिशव्या घेऊन. मी दाराला कडी घालून वर दोरी बांधली होती आणि मेंढरांची जाळी सोडत होतो. मेंढरं आता थोडीच राहिलीत.

"बाबा, मुलींची राहायची सोय..." सर म्हणाले.

"हितं न्हाई. माजं घर बंद हाय."

दोघींतली एक ती कालचीच पोरगी होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, मी येऊ तुमच्यासोबत? वही नाही आणत."

मी विचारलं, "कावून?"

तिनं सरांकडं बघितलं.

"तिकडं नगं बघू," मी म्हणालो. "उत्तर तुजं तुला सापडंल तवा ये."

मेंढरं हाकली. मोठा रस्ता सोडून जुन्या वाटेनं घाट उतरलो. इतक्या वर्षांत त्या नाल्यापाशी मी कधी उभा राहिलो नव्हतो, झपाझपा पार व्हायचो. चालताना ठरवलं. शिबिर दरवर्षी येणार. मी पण दरवर्षी पटांगणात जाणार, बोलावलं नाही तरी. पुढं बसणार. कुणी पाय वाकडा टाकला की उठणार आणि पहिल्यापासनं सांगणार, माझ्या हसण्यासकट. ते फोनातलं पुसत नाहीत तोवर. पुसल्यावरही.

नाला आला. पुढच्या मेंढीनं पाण्यात पाय घातला. मी काठी आडवी धरली आणि म्हणालो, "थांब."

थांबली. तिच्यामागं सगळी थांबली. थोडी घुटमळली, मग काठाचा पाला खायला लागली. एवढंच होतं ते.

ऊन डोक्यावर येऊन कलंडेस्तोवर मी त्या दगडावर बसून राहिलो. एक मेंढरू पुढं जाऊ दिलं नाही.