शीर्षकातलं लहानगं ‘इज’

ऐक ग, फोन नीट कानाला धर. समोर असतीस तर कान धरला असता तुझा. नांदेडला कॉलेजात शिकतीस आणि प्रकल्पाचं कव्हर आजीला फोनवर पाठवलंस, ते सगळंच्या सगळं पहिल्या लिपीत? इंग्रजीची मोठी अक्षरं म्हणजे पहिली लिपी, लहान म्हणजे दुसरी, असंच आमच्या शाळेत सातवीपर्यंत म्हणायचे. कॅपिटल हा शब्द मला लातुरात आल्यावर कळला.

भूकंपात गावचं घर बसलं. पत्र्याच्या शेडात एक उन्हाळा काढला, मग तुझ्या आईच्या शाळेसाठी लातुरात खोली केली. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. त्यांच्या नोट्स टाइप करायला माणसं लागायची. टायपिंग मी वहिनीच्या जुन्या मशिनवर बोटं आपटून शिकलेली. टायपिंगच्या एका दुकानात गेले, तर मालकीण म्हणाली, “महिनाभर बघते. जमलं तर ठेवीन.” नसतं जमलं तर पुन्हा शेड आणि तुझ्या आईची शाळा बंद.

तिनं नियम सांगितला: शीर्षकात शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, पण लहान शब्द लहानच ठेवायचे. पहिला आणि शेवटचा शब्द मात्र कसाही असो, मोठा. लहान म्हणजे कमी अक्षरांचा, असं धरून मी अक्षरं मोजायला लागले. फिजिक्सच्या सरांचं कव्हर आलं, ‘लाइट इज अ वेव्ह’. मी ‘इज’ पण लहान केलं, ‘अ’ पण लहान.

सर दुकानात आले. “बाई, हे इज लहान कशामुळं?”

“दोनच अक्षराचं हाय की, सर.”

“इजला मराठीत काय म्हणता?”

“हाय.”

“आत्ताच्या तुमच्या बोलण्यातून ते काढा बरं.”

मी मनात काढून बघितलं. वाक्य लंगडं झालं.

“क्रियापद हाय ते,” सर म्हणाले. “लहान दिसतंय, पण सगळं काम तेच करतंय. मोठं करा. ‘अ’ नुसतं नामाच्या पुढं लागतं, ते राहू द्या लहान.”

मालकिणीनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघितलं. महिना संपायला चारच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच सरांच्या हातचा कागद आला, ‘व्हॉट लाइट इज मेड ऑफ’. त्यांनी ‘ऑफ’ लहान लिहिलेलं. मी थोडी घाबरतच मोठं केलं.

“आता हे कशापायी वाढवलं?” कागद न्यायला आल्यावर सरांनी विचारलं.

“शेवटचा शब्द हाय, सर. पंगतीत टोकाला बसलं म्हणून पान लहान मांडत न्हाईत.”

सर हसले आणि मालकिणीला म्हणाले, “माझे कागद आता या बाईंकडंच देत जा.”

टिकली नोकरी. तुझी आई त्याच शाळेतून दहावी झाली.

म्हणून म्हणते, कव्हर छापायला टाकू नकोस. रविवारी सकाळच्या एसटीनं ये, कागद घेऊन. बसू दोघी, एकेक शब्द बघू. ये बाई लवकर.