डायोडवरची तार

कार्डावरच्या आयसीच्या, त्या काळ्या चिपच्या, पाठीवर मसुरीच्या डाळीएवढा फोड आला होता. लूमची, म्हणजे यंत्रमागाची, जळलेली कार्डं माझ्या दुरुस्तीच्या दुकानात रोज येतात, पण हा फोड मी भिंगाखाली धरून पुन्हा बघितला. ही आयसी आता कुणी बनवत नाही.

समोर अंजूरचे कारखानदार उभे होते, पारा चढलेला. त्यांच्या मागे, दाराला चिकटून, लूम चालवणारा कारागीर. सकाळी त्यानं कार्डाला वीज देणारा सप्लायचा डबा पुसायला काढला होता आणि परत जोडताना दोन्ही वायरी उलट लावल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या. आमच्याकडे जी वायर उरली असेल तीच वापरायची, रंगाबिंगाचे लाड नाहीत.

"यानीच जाळली! आजच हाकलतो," शेठ गरजले. "मिस्त्री, तूच सांग, याची चूक हाय का न्हाय?"

"उस्ताद, दोनों तार एक जैसे थे," तो पुटपुटला. काम गेलं की कारखान्यावरची खोलीही जाणार होती, बायकोपोरांसकट.

मला त्याचा रागच आला होता. जुन्या आयसीला उलटा सप्लाय म्हणजे मरणच. एरवी बंद असलेली आतली वाट उघडते, प्रवाहाला अडवणारं कुणी नसतं, आणि क्षणात सगळं भाजून निघतं. म्हणून तर सप्लायच्या वाटेवर डायोड बसवलेला असतो, उलटा प्रवाह थोपवायला. मग या कार्डातल्या डायोडनं काय केलं? मी कार्ड उलटं केलं.

डायोडच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत बारीक तार सोल्डर केलेली होती. प्रवाह डायोडला वळसा घालून जात होता. आणि दोन वेढे देऊन तार बसवणारा या बाजारात मी एकटाच.

गेल्या उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की हे कार्ड सारखं बंद पडायचं. डायोड थोडं व्होल्टेज खातो, म्हणून मीच तो डायरेक्ट केला होता. इथं सगळेच करतात. शेठनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती.

चोराच्या मनात चांदणं. मी अंगठ्यानं ती तार झाकली. खरं बोललो तर दुकानाचं नाव मातीत, गप्प बसलो तर त्याचा संसार रस्त्यावर.

"शेठ, वायरीचा दोष नाही," मी म्हणालो. "आयसी जुनी होती, वय झालं होतं तिचं. भंगारातल्या कार्डातली काढून बसवून देतो."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि गाडीकडे गेले.

कारागीर मागे थांबला. वायरी आपणच उलट लावल्या हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"आपने मेरी गलती छुपा ली, उस्ताद."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाने दो," मी म्हणालो. मीच त्याला माफ करत असल्यासारखं.