साडेअठ्ठावीस तास

मार्गशीर्षातला दुसरा सोमवार, सकाळी नऊ. हजर: बाबा, खाटेवर, नाकाला ऑक्सिजनची नळी, मी, दिवसपाळीच्या मावशी, दोन गल्ल्या सोडून राहणारे डॉक्टर. गैरहजर: धाकटा भाऊ, मुक्काम टोरांटो.

डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाले, "आजचा दिवस निघेल. उद्याचं मी सांगत नाही."

मी वही घेतली. पुणे ते टोरांटो साधारण साडेबारा हजार किलोमीटर, पण किलोमीटरांचा इथे उपयोग नव्हता. तास मांडले. त्याचं घर ते विमानतळ एक, तिथे थांबणं तीन, दोन विमानांचे मिळून सोळा, मधल्या विमानतळावर तीन, मुंबईत रांग आणि बॅगा दीड, मुंबई ते कसबा पेठ चार. शेवटचं थोडं चालत, कारण गल्लीत गाडी येत नाही. ते धरलं नाही. साडेअठ्ठावीस.

भावाचा फोन आला. "ताई, निघू का?"

"पोचणार नाहीस."

"नक्की?"

"तास मोजलेत."

तो म्हणाला, "बरं. व्हिडिओ कॉल करत राहतो."

दुपारी बाबांनी डोळे उघडून विचारलं, "तो निघाला का?"

"निघालाय. विमानात आहे," मी म्हटलं. एका दिवसाचाच प्रश्न होता.

मंगळवारी बाबा होतेच. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, मी पुन्हा तीच बेरीज केली आणि भावाला पुन्हा तेच कळवलं. बुधवारी बाबा चक्क उशीला टेकून बसले. चार चमचे पेज घेतली.

"अजून विमानातच? बैलगाडीनं येतोय का?"

मावशी हसल्या. मी म्हटलं, "मधे थांबावं लागतं, बाबा."

"थांबू दे. मला तरी कुठे जायचंय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. भावाचा व्हिडिओ कॉल. उचलला असता तर तो स्वयंपाकघरात उभा दिसला असता, मागे फ्रिज, अंगात घरातला टी-शर्ट. बाबांची नजर शाबूत होती. मी कॉल कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

"कोण?"

"बँकवाले."

भावाला मेसेज केला: नेटवर्क नाही.

गुरुवारी सकाळी दहाला बाबा गेले. अग्नी मी दिला. घरी आल्यावर आंघोळ केली आणि वहीच्या त्याच पानावर आणखी एक बेरीज केली. सोमवारी मी हो म्हटलं असतं, तर भाऊ मंगळवारी दुपारी दोनला दारात असता. दोनदा तपासली. बरोबर होती. मग दूध तापवलं.

भाऊ शनिवारी आला. रिकाम्या खाटेवर बसला.

"नेटवर्कनं घात केला बघ बुधवारी. नाहीतर बोलणं झालं असतं."

"हो."

"मला विचारत होते का गं?"

"विचारत होते."

"काय म्हणाले?"

"चहा गार होतोय," मी म्हटलं. त्याने कप उचलला.

त्याला परत जाऊन आता तीन महिने झाले. मृत्यूचा दाखला, ऑक्सिजनचं मशीन परत, खाट परत, बाबांचे कपडे: सगळ्यांपुढे खुणा झाल्या. तो दर रविवारी फोन करतो, तासभर बोलतो. जुनी वही संपली तेव्हा उरलेली एकच ओळ मी नवीन वहीत उतरवून घेतली: भावाला बुधवारचं सांगणे.