सिद्धम्माच्या वाट्याची परीक्षा

१९२८च्या सुमारास आमच्या सोलापूरच्या चर्चात दर बुधवारी साक्षीची सभा भरायची. आठवड्यात कोणता मोह झाला आणि प्रभूच्या कृपेने तो कसा परतवला, हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. म्हाळसाबाईंचा त्यात हातखंडा. त्यांचा सैतान दर आठवड्याला नवं सोंग घेऊन यायचा, आणि आम्ही मंडळी, खोटं कशाला बोलू, प्रार्थनेपेक्षा त्याच्यासाठीच जायचो.

सिद्धम्मा मात्र मान खाली घालून बसायची. कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरणारी एकटी विधवा. काम, भाकरी, प्रार्थना, झोप. मोहाला शिरायला फटच नाही. त्यात एकदा पाळक नारायणराव प्रवचनात म्हणाले, देव ज्याला आपलं मानतो त्याचीच परीक्षा घेतो. झालं. देवाने आपल्याला आपलं मानलेलंच नाही, असं धरून बाईने हाय खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती पाळकांच्या दारात.

"सायेब, मला सैतान इचारतबी न्हाय. माझं काय चुकलं?"

"सिद्धम्माबाई, आनंद माना."

"कशाचा? समद्यास्नी परीक्षा हाय, मलाच न्हाय." आणि ती रडायला लागली. पाळकांनी चहा मागवला.

शेवटी ती स्वतःच मोह शोधायला निघाली. गिरणी सुटल्यावर शिंदीच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. मालकाला वाटलं, बाई नवऱ्याला धरायला आली. त्याने बसायला स्टूल दिलं आणि आत जाऊन 'कुणाची बायको आलीय?' म्हणून दम भरला, तशी निम्मी गिऱ्हाइकं मागच्या दाराने पसार झाली. सिद्धम्माने वासाने नाकाला पदर लावला. मग ती सराफाच्या दुकानापुढे थांबली. तिथे सोन्याच्या पुतळ्यांची माळ बघून तिच्या मनात आलं, एवढं ओझं गळ्यात घालून कांड्या कशा भरायच्या?

पुढच्या बुधवारी ती उभी राहिली.

"हितं येताना मी येक खोटी साक्ष रचली," ती म्हणाली. "सैतान कसा आला, काय बोलला, मी त्याला कसा हाकलला, समदं. लई झ्याक जमली हुती. आत्ता तोंडात हाय. पर न्हाय सांगणार." आणि ती खाली बसली.

पाळकांचे डोळे भरून आले. "बाई, हीच तुमची परीक्षा. देवाने तुम्हाला आपलं मानलंय."

सिद्धम्माने पदराने तोंड पुसलं. एवढं हसू तिच्या चेहऱ्यावर आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात म्हाळसाबाई म्हणाल्या, "पर रचली काय हुती, ते तर सांग की."

"न्हाय."

"साक्ष म्हणून नगं. नुसतं सांग."

मग सगळेच मागे लागले. सैतान कोणत्या रूपात आला? खिडकीतून की दारातून? पाळकांनीही घसा खाकरला. "मंडळीच्या बोधासाठी थोडक्यात सांगायला हरकत नाही."

ती सांगेना. लोक तिच्या घरी जायला लागले. मीही शेंगापोळ्या घेऊन गेलो. पोळ्या तिने ठेवून घेतल्या, चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला तिचा अजून राग येतो.

सिद्धम्मा मात्र आता दर बुधवारी ताठ मानेने साक्षीला उभी राहायची. "ह्या आठवड्यात म्हाळसाबाई दोनदा आल्या," ती सांगायची, "आन पाळकसायेब येकदा."