बाबांनी बांधलेलं इंजिन

रोहा मागे टाकून तळा गावाचा चढ लागला की मी गाणी बंद करायचे आणि कान इंजिनाला लावायचे. मागे बर्फाच्या पेट्यांत मांदेली आणि ओले बोंबील, आणि माझ्या सीटखाली ती टकटक, डब्यात खडे घालून हलवल्यासारखी. पॅडल दाबलं की गाडीने पुढे उडी घ्यावी, तर ती उलट दम खायची. तापमानाचा काटा वर सरकायचा. चढ संपेपर्यंत मी एकवीरेला इतक्या हाका मारल्या असतील की देवीही वैतागली असेल.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असायचा. त्याच्यावर मी काळी चिकटपट्टी मारून टाकली होती. बाबांना तो दिसू नये, एवढ्यासाठी.

इंजिन बाबांनी बांधलं होतं. रेवदंड्याच्या बंदरात त्यांनी आयुष्यभर होड्यांची डिझेल इंजिनं खोलली आणि बांधली. मागच्या वर्षी आई गेली आणि बाबांनी पाना खाली ठेवला. सकाळी ओट्यावर बसायचे ते दुपारपर्यंत. चहा ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. मला हे बघवत नव्हतं. माझी व्हॅन तेल खायला लागली, मागून निळा धूर सोडायला लागली, तेव्हा आधी मी कपाळावर हात मारला आणि मग माझ्या डोक्यात आलं, ही तर देवाने पाठवलेली संधी. मी बाबांना म्हटलं, "गॅरेजवाले नीट करत नाहीत. तुम्हीच बांधा."

"पेट्रोलची हाय ती. इंजेक्शनची," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला जमणार नाही?"

असं विचारलं की काय होतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबा उठले. अंगणात ताडपत्री अंथरली गेली, सगळे भाग ओळीने मांडले गेले, रिंगा, बेअरिंग सगळं नवं पडलं. बाबा ओरडायला लागले, चहात साखर कमी आहे म्हणायला लागले. गाडी सुरू झाली त्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून कोळंबी आणली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आणि पुढच्याच फेरीला चढावर ती टकटक.

रोज घरी आले की बाबा विचारायचे, "काय बोलते गाडी?" मी म्हणायचे, "मस्त." झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून चढ चढत नाही. शेवटी एक दिवस बाजार उरकल्यावर तळा गावातल्याच एका गॅरेजात गाडी नेली.

गॅरेजवाला तरुण होता, बोलायला जरा शिष्ट. त्याने स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं आणि पडद्याकडे बघून मान हलवली.

"ताई, मिश्रण पातळ आहे. हवा भरपूर, पेट्रोल कमी. गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवायला बघतोय, पण पुरत नाही."

"मग काय होईल?"

"आज काही नाही. असाच माल भरून चढावर मारत राहिलात, तर पिस्टन जाळाल."

त्याने पुढची सीट उचलली, पाइपांच्या जोडांवर स्प्रे मारून बघितला. कुठून जास्तीची हवा शिरत असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. बदलला नाही. "आणि तसं असतं तर उभ्या गाडीतच जास्त खडखड झाली असती," तो म्हणाला. "तुमची उभी असताना छान चालतेय." पेट्रोलचा दाब मोजला, तोही बरोबर निघाला. मग त्याने हात पुसत विचारलं, "इंजिन बांधलं कुणी?"

"आमच्या गावातल्या एकाने."

स्वतःच्या बापाला मी 'गावातला एक' म्हटलं. जीभ कशी झडली नाही माझी!

"बोटीवाला असणार," तो म्हणाला. "डिझेलवाल्याच्या हातात इंजेक्शनची गाडी कशाला देता? सोडून जा. सगळं उघडून बघतो."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. इकडे आड, तिकडे विहीर. गाडी त्याच्याकडे सोडली तर बाबांना कळणार की त्यांचं काम दुसऱ्याला उघडावं लागलं, आणि ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसणार, आणि यावेळी कुठल्याच युक्तीने उठणार नाहीत. नाही सोडली तर कुठल्या तरी चढावर पिस्टन जळणार, आणि मग तर सगळ्या गावालाच कळणार. मी त्याला "उद्या बघू" म्हटलं आणि रिकामी गाडी घेऊन परत निघाले. साळावच्या पुलापर्यंत पॅडलला पाय टेकवला तो अंडं दाबावं इतकाच.

बाबा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. मी चावी फिरवणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"बंद करू नको. जरा रेस दे."

दिली.

"आनखी. एकदम दाब."

दाबला. इंजिन ठसकलं. बाबा डोळे मिटून उभे होते.

"उभी हाय तवा बरी बोलते," ते म्हणाले. "दाबलंस का मुस्कटात मारल्यावानी गप होते. खाली उतर."

ते माझ्या जागेवर बसले. पहिली नजर गेली ती चिकटपट्टीवर.

"ही कसली?"

"दिवा डोळ्यांत येतो, म्हणून."

त्यांनी नखाने पट्टी सोलली. पिवळा दिवा लख्ख दिसला. त्यांनी विचारलं, "गॅरेजवाला काय बोलला?" मी गॅरेजात गेले होते हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. उशीर झाला होता त्यावरून ताडलं असावं. मग मी सगळं सांगून टाकलं, पिस्टनचंही. बाबा खाली उतरले आणि घरात गेले.

संपलं, असं मला वाटलं. आता माझा बाप पुन्हा ओट्यावर. आपणच गाडी त्यांच्या गळ्यात घातली आणि आपणच त्यांना पाडलं.

बाबा बाहेर आले ते चष्मा लावून, हातात पान्यांची पिशवी घेऊन.

"चढावर इंजिन जास्त हवा घेतं," ते म्हणाले. "पेट्रोलपन जास्त पायजे. पन हवा वाढली ह्या त्या कॉम्प्युटरला सांगतं कोन?"

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला तेवढं पाठ झालं होतं. सीट उचलून मी दाखवलं. हवेच्या पाइपाच्या पुढे, जिथून हवा इंजिनात वाटली जाते, त्या नळकांड्यावर बसवलेला बोटभर सेन्सर. तो आतल्या हवेचा दाब मोजतो.

"काढ त्याला. तुजी बोटं बारीक."

मी स्क्रू काढला, सेन्सर ओढला. त्याच्या खाली एक बारीक नळी असते, आगपेटीची काडी जेमतेम जाईल एवढी. तिच्यात ग्रीस ठासून भरलं होतं.

आमच्याकडे ग्रीसशिवाय काही बसत नाही. खारी हवा एका हंगामात लोखंड खाते, म्हणून होडीवरचा प्रत्येक नट, प्रत्येक जोड ग्रीस फासूनच आत जातो. बाबांनी हातच्या सवयीने सेन्सरलाही तेच केलं होतं. बिचारा सेन्सर मागे अडकलेला जुनाच दाब सांगत बसला होता. गाडी चढावर धापा टाकत होती आणि तो कॉम्प्युटरला कळवत होता, सगळं निवांत आहे, थोडं पेट्रोल पुरे.

बाबांनी चष्मा सरकवून ती नळी डोळ्यांजवळ धरली.

"गॅरेजवाल्याने भरलं असेल," मी म्हणाले. "आत्ता बघताना. त्याला काही कळत नव्हतं."

"मी भरलाय," बाबा म्हणाले. "माजा ग्रीस मना ओळखता येतो." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "आता तरी खोटा बोलू नको बाय! तुजी आयस अशीच. पावसाळाभर पोट धरून ओवा खात व्हती आनि मना म्हनायची, गॅस झालाय. मना काळजी नको म्हनून! डाक्तर बोलला, आदी का न्हाय आनलात. काय सांगू त्याला? मना कोन सांगतच न्हाय म्हनून सांगू?"

वर्षभरात आईबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. मी त्यांचं दुःख आवरत बसले होते, आणि त्यांना तर राग आला होता. आम्ही सगळे त्यांना इतके जपत होतो की तो राग ते काढणार तरी कुणावर?

त्यांनी फडकं पेट्रोलमध्ये भिजवून सेन्सर पुसला, नळी साफ केली, उन्हात वाळवली. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली, म्हणजे कॉम्प्युटर जुनं विसरतो. मग मी सेन्सर कोरडाच बसवला आणि माल नसलेल्या गाडीत शेजारणीच्या पाण्याच्या कॅन भरून आम्ही जवळच्या चढावर गेलो. मी पॅडल पूर्ण दाबलं. गाडी सरळ वर गेली. टकटक नाही, दिवा नाही.

वर पोचल्यावर मी हसून बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"गाडी कडेला घे," ते म्हणाले. "बंद कर. आता सांग, आनखी काय काय न्हाय सांगलास मना?"

मी गाडी बंद केली. मग आईच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्यापासून काय काय लपवलं होतं, तिथून मी सांगायला लागले.