बिनतपासणीचा रुपया

माझे यजमान पोलाद प्लांटच्या फाउंड्रीतून, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओततात त्या विभागातून, रिटायर झाले आणि आम्ही कंपनीचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून रिसाली भागातल्या स्वतःच्या घरी राहायला आलो. जुनी नाणी जमवायचा त्यांना पहिल्यापासून नाद. तोवर ओळखीच्यांकडून साधीसुधी नाणी घ्यायचे. आता दिवसभर हातात मोबाइल आला आणि त्यावर त्यांना इंग्रजांच्या राणीच्या काळातला एक दुर्मीळ चांदीचा रुपया विकायला दिसला.

महाग नाणं आधी तज्ज्ञांकडून तपासून, दर्जा लिहून, डबीत सील करून मिळतं, त्याला ग्रेडिंग म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. हा रुपया मात्र उघडाच होता. मी विचारलं, तर म्हणाले, "ग्रेडिंगवाला दुप्पट भावात जाते. आन् विकणारा माणूस चांगला आहे, रोज बोलून राहिला माझ्यासोबत."

एफडी मोडून त्यांनी पैसे पाठवले.

पार्सल दुपारी आलं. खिडकीशी उभं राहून त्यांनी नाणं बोटांत फिरवलं, भिंगातून काठ पाहिला आणि मटकन खाली बसले.

"काय झालं जी?"

"नकली आहे. हा ठप्प्यानं छापेल नाही, साच्यात ढाळेल आहे. काठावर साच्याच्या जोडाची रेघ पाह्य. जिंदगीभर हेच तर केलं मी."

त्यांनी लगेच विकणाऱ्याला कळवलं, नाणं परत घ्या. थोड्या वेळानं फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. आवाज विकणाऱ्याचा नव्हता, पोलिसातून बोलतो म्हणाला. "अंकल, ये ज़मीन से निकला ख़ज़ाना है, सरकार का. आपने ख़रीदा, तो केस आप पर भी बनेगा. टीम निकल चुकी है. सेटलमेंट करना हो तो अभी बोलिए." मग त्यानं आमचा पत्ता वाचून दाखवला. पार्सलसाठी आम्हीच दिलेला तो पत्ता, पण त्याच्या तोंडून ऐकताच मी उठून पुढचं दार लावलं.

नाणं नकली, तर खजिना कसला? पण तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणालाच हे सुचलं नाही.

यजमानांनी फाटकाला कुलूप घातलं. नाणं तांदळाच्या डब्यात खुपसलं. बाहेर मोटारसायकल थांबली की त्यांचा घास हातातच राहायचा. एकदा शेजाऱ्यांकडे जीप आली, तर हे मोरीत जाऊन उभे राहिले. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहणारा माणूस! मला त्या जीपपेक्षा त्यांच्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली.

"पोराले फोन करू का?"

"नको! त्यालेही गुंतवतीन. कोनालेच सांगू नको."

फोन येतच राहिले. शेवटी एका सकाळी, हे आंघोळीला गेलेले पाहून, मी तो रुपया रुमालात बांधला, त्यांचा मोबाइल घेतला आणि ऑटोनं पोलीस ठाण्यापाशी गेले. फाटकाशी पाय अडला. आत गेले आणि मलाच बसवून ठेवलं तर?

टेबलाशी एक महिला हवालदार होती. मी रडत, अर्धं मराठी अर्धं हिंदी, सगळं सांगितलं. तिनं नाणं उलटंपालटं केलं. "आंटी, नकली है ना ये? तो ख़ज़ाना कैसा? और पुलिस फ़ोन पे सेटलमेंट नहीं माँगती." तिनं त्याच नंबरवर फोन लावला. "थाने से बोल रही हूँ," एवढंच म्हणाली, तर पलीकडून कट. पुन्हा लावला, बंद.

तक्रार लिहून घेतली. नाणं तिथंच जमा झालं. घरी आले तर आतून कडी.

"कोन आहे सोबत?" दारामागून त्यांचा आवाज.

"कोनी नाही जी. एकटीच आहो मी."

तरी दार उघडायला त्यांना वेळ लागला.

पैसे परत मिळाले नाहीत. ठाण्यातून काही कळलं नाही. पोराला मीच सगळं सांगितलं. तो रागावला नाही, पण आता रोज फोन करतो. अनोळखी नंबर दिसला की यजमान मोबाइल माझ्याकडे सरकवतात. मी उचलते, आणि पलीकडचा माणूस बोलेपर्यंत माझीही नजर फाटकाच्या कुलपावर असते.