मखरातला सरदार

येत्या जूनला पहिलीत मुलं आली नाहीत तर आमचा मराठी माध्यमाचा वर्ग बंद, आणि मला ‘अतिरिक्त’ ठरवून कुठे पाठवतील देव जाणे. म्हणून मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, पालक शाळा बघायला येतील तेव्हा वर्गात थीम हवी. थीम काय, तर नाइट. म्हणजे जुन्या युरोपातले चिलखत घातलेले सरदार, त्यांचा किल्ला, त्यांचं सिंहासन. मोबाइलवर फोटोही दाखवला. परळच्या पोरांना त्याचं काय सोयरसुतक, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण वाद घालायचं त्राण कुणात उरलंय? बरं म्हटलं.

इमारत एकच. तळमजल्यावर शेजारी शेजारी दोन पहिल्या, आमची मराठी आणि पलीकडे इंग्रजी. पलीकडे बसायला जागा नसते, आमच्याकडे नुसता पंखा फिरतो.

आठवडाभर शाळा सुटल्यावर कापत, चिकटवत बसले. कंबरेचा काटा पार ढिला झाला. पुठ्ठे पुरेनात, तेव्हा नवऱ्याने घरच्या गणपतीचं मखर माळ्यावरून काढून दिलं. तसंही भाद्रपदापर्यंत पडूनच राहणार, म्हणाला. खांब उभे केले, वर महिरप आली, सोनेरी कागद आला, दिव्यांची माळ आली. पत्र्याच्या डब्याला चंदेरी कागद गुंडाळून शिरस्त्राण केलं आणि ते घालून पुठ्ठ्याच्या सरदाराला बाजूला उभं केलं. मधोमध रिकामं सिंहासन. लालबागमध्ये वाढलेल्या हाताला दुसरं काय येणार? दमले होते इतकी, की काय करून ठेवलंय ते मला दिसलंच नाही.

पालकांच्या दिवशी दिसलं. पहिलेच एक आजोबा सून-नातीला घेऊन आले, दारात थबकले, चपला काढल्या आणि आत येऊन सिंहासनाला हात जोडले. ते बघून मागच्यांनीही आपापले बूट काढले. दारात हा ढीग झाला. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कित्येक वर्षांनी वर्ग माणसांनी भरला होता. ती नात सरदाराच्या डोक्यावरचा डबा वाजवून बघत होती, जागची हलेना. तिला मी त्याची गोष्ट सांगितली. वाटलं, जमलं बाई एकदाचं.

तिची आई जवळ आली. “बाई, तुमचा वर्ग फार सुंदर आहे हो.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “इंग्लिशचा फॉर्म कुठे मिळेल?”

“शेजारच्या दारात,” मी म्हटलं.

तिच्यामागून एकेक करत सगळेच गेले. राग आला, पण काढणार कुणावर? पाय ठणकत होते, म्हणून सिंहासनावरच टेकले.

थोड्या वेळाने दाराशी गलबला झाला. धडपडत उठले, साडी सारखी केली, चेहऱ्यावर हसू आणलं. शेजारी फॉर्म भरून सगळी मंडळी परत आली होती, आपापल्या चपला घालायला.